इंजिनाचा श्वास आणि पेट्रोलचा खर्च

‘ॲव्हरेज किती देते?’ नवी गाडी दारात आली की पेढा तोंडात टाकता टाकता शेजारी पहिला प्रश्न विचारतात तो हाच. उत्तर देताना मालक पेट्रोल पंपाला दोष देतो, रस्त्यातल्या खड्ड्यांना देतो, क्वचित घरातल्या दुसऱ्या ड्रायव्हरलाही देतो. हवेबद्दल मात्र कोणी बोलत नाही. वास्तविक एक लिटर पेट्रोल नीट जळण्यासाठी सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. ही हवा आत ओढण्याचे काम इंजिनालाच करावे लागते, आणि त्या कामासाठीही पेट्रोलच जळते. लहान गाडीचे ॲव्हरेज वाढवण्याचे जे प्रयत्न गेल्या काही दशकांत झाले, त्यांतले बरेचसे इंजिनाचा हा श्वास सुकर करण्याचे आहेत.

नाक दाबून जिना चढायचा

पेट्रोल इंजिनातला पिस्टन खाली येतो तेव्हा सिलिंडरमध्ये हवा ओढली जाते. तिच्या वाटेत थ्रॉटल नावाची एक गोल पाकळी असते. आपण ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते, पाय उचलला की मिटते. शहरातल्या रहदारीत इंजिनाची थोडीच ताकद पुरते, त्यामुळे ही पाकळी बहुतेक वेळ अर्धीअधिक मिटलेली राहते. पिस्टनला मात्र दर खेपेला खाली यावेच लागते.

त्याचे हाल समजून घ्यायचे असतील तर सुई नसलेली इंजेक्शनची सिरिंज घ्या, तिच्या तोंडावर बोट ठेवा आणि दट्ट्या ओढून पाहा. हाताला जो ताण जाणवेल, तसाच ताण इंजिन दर मिनिटाला शेकडो वेळा सोसत असते. नाक दाबून जिना चढण्यासारखाच हा प्रकार. डिझेल इंजिनात ताकद कमी-जास्त करण्यासाठी हवा अडवावी लागत नाही, फक्त डिझेलचे प्रमाण बदलते. संथ चालीतही डिझेल गाडी काटकसरी ठरते, त्याचे हे एक कारण आहे.

सगळ्यांना एकाच मापाचा सदरा

सिलिंडरमध्ये हवा घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, कॅमशाफ्टच्या उंचवट्यांमुळे उघडतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर पिस्टनला वरून खाली यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. गाडी सिग्नलला उभी असताना, ८०० फेऱ्यांवर, याच्या जवळजवळ चौपट वेळ मिळतो.

वेगात आत येणाऱ्या हवेला स्वतःचा जोर असतो. पिस्टन वर निघाल्यावरही ती आत शिरतच राहते, म्हणून झडप जरा उशिरा मिटणे फायद्याचे. संथ वेगात हवेला हा जोर नसतो. तेव्हा झडप लवकर मिटली तर सिलिंडर चांगला भरतो आणि गाडी ओढीने निघते. जुन्या इंजिनांत ही वेळ कारखान्यातच कायमची ठरवली जाई. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनातही असेच होते. घरातल्या लहानथोर सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवावा, तशी ही तडजोड.

झडपांचे वेळापत्रक

यावरचा उपाय म्हणजे व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग. माहितीपत्रकात ‘व्हीव्हीटी’ अशी जी अक्षरे दिसतात ती हीच. कॅमशाफ्टच्या टोकाला एक चकती असते. इंजिन ऑइलच्या दाबाने ती काही अंश पुढे-मागे फिरते आणि झडपा लवकर किंवा उशिरा उघडतात-मिटतात. केव्हा काय करायचे ते गाडीतला छोटा संगणक ठरवतो.

यातून पेट्रोल कसे वाचते? सपाट रस्त्यावर गाडी एका लयीत चालली असेल तर संगणक हवेची झडप मुद्दाम उशिरा मिटवतो. पिस्टन वर जाताना आत आलेली थोडी हवा पुन्हा पाइपात जाते. घेतलेली हवा परत का द्यायची, असे वाटेल. पण सिलिंडरमध्ये हवा कमी राहिल्यामुळे तेवढीच ताकद मिळवायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो. पाकळी जास्त उघडली की नाकावरचा चिमटा सैल झाला! काही वेळा जळालेला थोडा वायूही मुद्दाम सिलिंडरमध्ये ठेवला जातो. तो जागा अडवतो आणि त्याचाही परिणाम हाच होतो.

अशी सोय असलेली पहिली मोटार अल्फा रोमिओ या इटालियन कंपनीने १९८० मध्ये आणली. होंडाची ‘व्हीटेक’ रचना १९८९ मध्ये इंटेग्रा गाडीत आली. होंडानेच १९९१ मध्ये सिव्हिक या लहान गाडीसाठी खास काटकसरीची रचना केली. तीत प्रत्येक सिलिंडरच्या हवेच्या दोन झडपांपैकी एक संथ वेगात जेमतेम किलकिली होई. एकाच बाजूने आलेली हवा भोवऱ्यासारखी फिरे आणि कमी पेट्रोलचे मिश्रणही नीट पेटे. फियाटने २०१० मध्ये फियाट ५०० साठी काढलेल्या दोन सिलिंडरच्या ८७५ सीसी इंजिनात तर झडप किती आणि किती वेळ उघडायची हेच ऑइलच्या दाबाने ठरते. तिथे हवा अडवण्याचे बरेचसे काम थ्रॉटलकडून झडपांकडे गेले.

आपल्याकडे मारुतीच्या स्विफ्टला २०११ मध्ये व्हीव्हीटी मिळाली. २०२० च्या डिझायरमध्ये हवा आणि धूर अशा दोन्ही बाजूंच्या झडपांना ती बसवली गेली. हाताने गिअर बदलण्याच्या डिझायरचा प्रमाणित आकडा तेव्हा २१.२१ वरून लिटरला २३.२६ किलोमीटरवर गेला. हे सगळे श्रेय झडपांचे नव्हे. दर सिलिंडरला दोन इंजेक्टर आणि सिग्नलला आपोआप बंद होणारे इंजिन यांचाही त्यात वाटा आहे. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतले असतात. रहदारीत ते मिळत नाहीत.

बासरीसारखी नळी

दुसरी युक्ती हवेच्या नळीची आहे. झडप उघडली-मिटली की नळीत दाबाच्या लाटा उठतात. परतणारी लाट झडप उघडी असतानाच पोचली तर ती जास्त हवा आत ढकलते. बासरी लांब तर सूर खालचा, आखूड तर वरचा. तसेच संथ वेगाला लांब नळी मानवते, वेगाला आखूड. १९९१ मध्ये फ्रान्समधली ल मां ही शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी गाडीत नळ्यांची लांबी धावता धावता कमी-जास्त होई. रोजच्या गाडीत बहुधा एक पडदा उघडून लांबची वाट जवळची केली जाते. हिचा मुख्य फायदा ताकदीचा. पण संथ वेगात ओढ चांगली असली की खालचा गिअर कमी वेळा टाकावा लागतो, आणि तिथे पेट्रोल वाचते.

आपल्या हातात काय?

महिन्याला १,००० किलोमीटर गाडी चालवणाऱ्या कुटुंबाचे ॲव्हरेज १८ वरून २० झाले, तर साडेपाच लिटर पेट्रोल वाचते. आपल्या गावच्या भावाने गुणून पाहा. वर्षाला ही रक्कम लहान राहत नाही.

पण ही बचत टिकवायची तर एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. झडपांची वेळ बदलणारी चकती इंजिन ऑइलवर चालते. ऑइल काळे, चिकट झाले की तिच्या बारीक वाटा तुंबतात आणि चकती अडकते. मग इंजिन पुन्हा एका मापाच्या सदऱ्यात जाते, किंबहुना चुकीच्या मापाच्या. म्हणून ‘अजून दोन महिने ढकलू’ ही ऑइलमधली काटकसर महागात पडते. पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच ऑइल घाला. एअर फिल्टर वेळेवर बदला. इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर त्यावर स्टिकर चिकटवू नका, तपासून घ्या. जुनी गाडी घेताना ऑइल बदलल्याच्या पावत्या मागा; चकाकत्या रंगापेक्षा त्या जास्त सांगतात.

हवेच्या पाइपात बसवायचा छोटा पंखा ‘ॲव्हरेज वाढवतो’ म्हणून कोणी विकू लागले तर नम्रपणे नको म्हणा. तो हवेच्या वाटेत आणखी एक अडथळा आहे.

गिअरही महत्त्वाचा. इंजिन धापा न टाकता, न थरथरता चालेल असा जितका वरचा गिअर जमेल तितका वापरा. तेवढ्याच वेगाला थ्रॉटल जास्त उघडा राहतो, आणि हा फायदा व्हीव्हीटी नसलेल्या जुन्या गाडीलाही फुकट मिळतो.

इंजिनाच्या हवेचे झाले. टायरमधल्या हवेबद्दल पुढच्या अंकात.