रस्त्याचा खर्च आणि शेजारच्या मिळकतीचे मोल

एखादा रस्ता रुंद करावयाचा, त्याखालून गटारे आणि नळ न्यावयाचे आणि त्या खर्चाचा काही हिस्सा लगतच्या मिळकतींवर बसवावयाचा, असा ठराव नगरपालिकेच्या सभेपुढे आला म्हणजे जे वादंग माजते त्यात खुद्द रस्त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. हरकतदारांचा सारा रोख आकारणीवर असतो. आपल्या व्यवसायातील मंडळींना, मग ते मूल्यमापक असोत, नगररचनाकार असोत की नगर अभियंते, हा गोंगाट स्वार्थाचा आणि अज्ञानाचा वाटतो, आणि सुनावणीच्या दिवशी तसे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतेही. आम्हांला मात्र हरकतदाराचा मूळ प्रश्न अगदी रास्त वाटतो. या रस्त्यामुळे माझ्या मिळकतीचे मोल नेमके किती वाढले आणि ते तुम्ही कोणत्या रीतीने काढले, एवढेच तो विचारीत असतो. आणि त्याचे लेखी, सकारण उत्तर बहुधा कोणत्याच दप्तरात नसते.

हा प्रश्न न्यायालयात किती टोकाला जाऊ शकतो याचे उदाहरण अमेरिकेतील ओहायो राज्यात घडले. सिनसिनाटी शहराला लागून असलेल्या नॉर्वुड या गावाने एका रस्त्याची दोन टोके जोडण्यासाठी एका बाईच्या जमिनीतून तीनशे फूट लांबीची पट्टी संपादन केली. ज्यूरीने तिची भरपाई २,००० डॉलर ठरवली. आणि त्यानंतर गावाने ती भरपाई व ती ठरविण्याच्या कज्ज्याचा खर्च मिळून २,२१८ डॉलर ५८ सेंट इतकी रक्कम त्याच बाईच्या रस्त्यालगत उरलेल्या जमिनीवर, दर्शनी फुटांच्या हिशेबाने, बसवून टाकली. म्हणजे जमीन तर गेलीच, वर ती घेतल्याबद्दल दोनशेहून अधिक डॉलर पदरचे देण्याची पाळी आली. १२ डिसेंबर १८९८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती हार्लन यांच्या लेखणीतून असा निर्णय दिला, की मिळकतीला झालेल्या विशेष लाभाहून आकारणी लक्षणीय प्रमाणात अधिक असेल तर तो अधिकांश म्हणजे कराच्या आवरणाखाली, भरपाईवाचून केलेले संपादनच होय. पुढे १९०१ साली कॅन्सस सिटीतील एका डांबरी फरसबंदीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने या तत्त्वाची धार पुष्कळ बोथट केली आणि दर्शनी फुटांवरील वाटणी ग्राह्य धरली. हार्लन यांनी तेव्हा विरुद्ध मत नोंदवले. फुटांच्या पद्धतीला साखळी लागते, विचार लागत नाही, हेच तिच्या लोकप्रियतेचे रहस्य असावे. कोपऱ्यावरचा भूखंड आणि मधला भूखंड, शंभर फूट खोल जागा आणि तीस फुटांची उथळ जागा, दुकानांची रांग आणि जिचा ओटाच रुंदीकरणात गेला आहे अशी राहती वास्तू, या सर्वांना तिच्या लेखी सारखेच मोल.

योगायोग असा, की त्याच १८९८ साली मुंबईत, प्लेगच्या दोन वर्षांच्या अनुभवानंतर, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कायदा झाला आणि त्याने याच प्रश्नाला निराळे उत्तर दिले. शेजाऱ्यावर आकारणी बसविण्याऐवजी रस्त्याच्या रेषेबाहेरील जमीनही संपादन करावी, रस्ता झाल्यावर तिचे भूखंड पाडून ते भाडेपट्ट्याने द्यावेत आणि वाढलेले मोल ट्रस्टनेच आपल्या पदरात घ्यावे, अशी ती योजना होती. १९०५ साली खुला झालेला प्रिन्सेस स्ट्रीट आणि त्यानंतरचा सँडहर्स्ट रोड ही तिची ठळक फळे. या रीतीत वृद्धीच्या अनुमानाचा वाद टळतो हे खरे, कारण बाजारच ते मोल ठरवतो. परंतु पाडलेल्या चाळींतील भाडेकरूंचे जे नुकसान झाले ते वृद्धीच्या कोणत्याच खात्यात जमा वा नावे पडले नाही. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्याने जो तिसरा मार्ग धरला तो आजही आपल्या हाती आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार, नगररचना परियोजना पूर्ण झाली आहे असे गृहीत धरून भूखंडाचे येणारे बाजारमूल्य आणि सुधारणांचा विचार न करता येणारे बाजारमूल्य, ही दोन्ही इरादा जाहीर झाल्याच्या एकाच तारखेची काढावयाची, आणि त्यांतील तफावतीच्या निम्म्याहून अधिक अंशदान मालकाकडून घ्यावयाचे नाही. तारीख एकच ठेवण्यात फार मोठे शहाणपण आहे: शहरभर जी सामान्य भाववाढ चालू असते तिचे श्रेय त्या एका रस्त्याला देण्याची पळवाट त्यामुळे बंद होते. आमच्या मते आपल्या कायद्यातील हा सर्वांत दुर्लक्षित गुण आहे. दुर्लक्षित अशासाठी, की प्रत्यक्षात पुष्कळ निवाड्यांत दोन मूल्यांचे दोन स्तंभ काय ते सापडतात; कोणत्या विक्रीदस्तांवरून ते आकडे काढले, खोली, आकार व वापर यांसाठी किती वजावट केली, याविषयी अक्षर नसते.

नगररचना परियोजनेबाहेरील रस्त्यांचा खर्च घरपट्टीतून आपोआप वसूल होईल, या भरवशावर पुष्कळ अधिकारी निश्चिंत असतात. तोही भरवसा तपासून पाहण्याजोगा आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे गोठवले आणि करयोग्य मूल्य त्या भाड्याच्या मर्यादेतच राहिले पाहिजे असे न्यायालयांनी वारंवार सांगितले, तेव्हा समोरचा रस्ता दुप्पट रुंद झाला तरी जुन्या चाळीची पट्टी हलली नाही. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली. परंतु तिच्याही काही नियमांबाबत २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की जमिनीच्या भावी बांधकामक्षमतेचे मोल आजच्या करात धरता येत नाही. मूल्यमापकांनी हा निर्णय वकिलांवर सोपवून न देता स्वतः वाचावा, कारण रस्तारुंदीनंतर ज्या ‘संभाव्य’ वाढीवर आपण सर्रास बोट ठेवतो ती नेमकी याच जातीची असते.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच, की प्रत्येक मिळकतीचे सकारण मूल्यपत्रक कंत्राट देण्यापूर्वी, हरकतींची मुदत चालू असतानाच, साध्या मराठीत प्रसिद्ध व्हावे. आणि ज्या मिळकतीचे मोल घटते तिच्यासमोर घटीचा आकडा लिहिण्यास मूल्यमापकाने संकोचू नये. रस्ता खणून झाल्यावर निघालेल्या नोटिशीवरील हरकत ऐकणे हा निव्वळ उपचार ठरतो, कारण तेव्हा खर्च झालेला असतो आणि तो कोणाच्या तरी माथी मारण्याची घाई कचेरीला झालेली असते. यावर असा आक्षेप येईल, की आकडे आधी प्रसिद्ध केले तर हरकती वाढतील आणि कामे रखडतील. हरकती वाढतील हे आम्हांस मान्य आहे. कामे मात्र आजही रखडतातच, आणि तीही सुनावणीतील उणिवांवर बोट ठेवून मिळवलेल्या मनाई हुकुमांमुळे.

या विषयावर आपल्या हाताखालून गेलेले निवाडे, मालकांची नावे वगळून व आकडेमोडीसह, वाचकांनी आमच्याकडे धाडावेत. ज्यांत मूल्यमापकाचा अंदाज पुढे प्रत्यक्ष विक्रीने खोटा पाडला असे निवाडे विशेष उपयोगी पडतील, आणि ते आम्ही टीपांसह छापू.