राष्ट्रीय जलमार्ग कोणासाठी?

पेणचे अंतोरा बंदर आणि कुंडलिकेकाठचे रोहा-अष्टमी ही एके काळी भात व मीठ यांच्या व्यापारातील नांदती ठिकाणे होती. त्या व्यापाराचे वाहन म्हणजे शिडाचा मचवा. दुपारी खारा वारा सुटला आणि भरती लागली की तो रेवस किंवा रेवदंड्याहून खाडीत शिरे. ओहोटी व पहाटेचा मतलई वारा साधून परते. वरच्या उथळ पात्रात भरलेला मचवा न्यावयाचा तर तांडेलाला उधाणाची तिथी पाहावी लागे. इंधनाचा खर्च शून्य, परंतु वेळेची हमी नाही, असा तो हिशेब होता.

हा व्यवसाय यंत्रयुगापुढे आपोआप मागे पडला, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य होय. रस्ता आणि लोहमार्ग सरकारी पैशाने बांधले गेले. 1986 मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत पोहोचली. खाडीतील गाळ काढणे आणि धक्के दुरुस्त ठेवणे ही कामे मात्र तितक्या निकडीची कोणास वाटली नाहीत. स्पर्धा झाली ती शीड आणि इंजिन यांच्यात जितकी, तितकीच राखलेली वाट आणि सोडून दिलेली वाट यांच्यातही झाली.

2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील 111 जलमार्ग घोषित झाले. त्यांत अंबा नदीचा 45 किलोमीटरचा आणि रेवदंडा खाडी-कुंडलिकेचा 31 किलोमीटरचा मार्ग आहे. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल बार्जमधून धरमतर खाडीनेच येतो. हे इष्टच म्हणावयास हवे. ज्या महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण 2011 मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षे रखडले, त्याच्यावर हे ओझे पडले असते तर काय झाले असते, याची कल्पना पेणकरांना सहज करता येईल.

प्रश्न आहे तो या लाभाची किंमत कोण देतो हा. बार्जच्या लाटांनी खारबांध खचतात, अशी खारेपाटातील शेतकऱ्यांची तक्रार आहे. बांधाला खांड पडून खारे पाणी शेतात शिरले की नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. जमिनीतील क्षार धुऊन निघेपर्यंत भात धड येत नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात : लाभ एकाच्या वहीत जमा आणि तोटा दुसऱ्याच्या शेतात. खारभूमीच्या संरक्षणासाठी राज्याने 1979 मध्ये कायदा केला. पण जलमार्गाचे उत्पन्न आणि बांधाचा खर्च यांची सांगड घातल्याविना तो तोटा भरून निघावयाचा नाही.

लहान नौकांची स्थितीही याहून वेगळी नाही. अरुंद पात्रात, जेथे मोठ्या जहाजाला खोल पाण्याखेरीज वाट नाही, तेथे शिडाच्या नौकेने त्याची वाट अडवू नये, असा 1972 चा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच होय. पण बाजूला होण्यास जागा हवी! कडेला गाळ साचलेला असेल, तर वाट देणे म्हणजे चिखलात रुतणे. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या नौकांचा स्वतंत्र विचार आहे. तो खाडीच्या पाण्यातही दिसला पाहिजे.

शिडाच्या मचव्याने लोहखनिज वाहावे, असा आग्रह कोणी शहाणा माणूस धरणार नाही. मागणी साधी आहे : बार्जच्या वेगावर मर्यादा असावी, मालाच्या दर टनामागे घेतलेल्या शुल्काचा ठरावीक हिस्सा खारबांधांना मिळावा, कडेची उथळ वाट खुणा लावून मोकळी राखावी आणि गावोगावचे धक्के दुरुस्त व्हावेत. मग त्या वाटेने मासेमाराची होडी जाईल, विद्यार्थ्यांची सहल जाईल, आणि एखादे शीडही वाऱ्यावर रोह्यापर्यंत येईल. ज्या मार्गावर केवळ बार्जलाच जागा आहे, त्याला जलमार्ग म्हणता येईल; राष्ट्रीय म्हणावयाचे तर काठच्या माणसालाही त्यात वाटा हवा.