अनाहूत घंटा

दुपारी दोन ते चार ही वेळ मयूर विहारमध्ये तशी शांततेची. यमुनेपलीकडच्या या वसाहतीत, विशेषतः फेज-१ मधील सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांत, सरकारी सेवेतून निवृत्त झालेली कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांत मराठी घरेही आहेत. मुले नोकरीनिमित्त पुण्यास, बंगळूरला किंवा समुद्रापार गेलेली, घरात वयस्कर दोघेच. जेवणे उरकून अंमळ डोळा लागतो न लागतो तोच दूरध्वनीची घंटा खणखणते. परगावी असलेल्या मुलाचा फोन असावा या आशेने गुडघे सांभाळत उठावे, तर पलीकडून एक लाघवी आवाज पाच लाख रुपयांचे वैयक्तिक कर्ज ‘मंजूर’ झाल्याबद्दल अभिनंदन करतो. ज्याने आयुष्यात कधी हातउसने घेतले नाहीत, त्याचे न मागितलेल्या कर्जाबद्दल अभिनंदन व्हावे, हा विनोद पहिल्यांदा हसवतो. आठवड्यात चौथ्यांदा मात्र तो हसवत नाही.

बँकेच्या नियतकालिकात या विषयाची चर्चा काहींना अप्रशस्त वाटेल. कर्जे, क्रेडिट कार्डे आणि विमा विकण्यासाठी घरोघरी घंटा वाजविणाऱ्यांत बँका आणि त्यांचे विक्री-प्रतिनिधी आघाडीवर राहिले आहेत, हे उघड गुपित आहे. नेमक्या याच कारणास्तव या प्रश्नाची चर्चा ग्राहक आणि कर्मचारी दोघेही वाचतात अशा पानांवर व्हावयास हवी.

दारावर येऊन विक्री करणे आपल्या समाजाला नवे नाही. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, कल्हईवाला, मोसमात येणारा आंबेवाला यांची हाक रस्त्यावरून येत असे. ज्याला हवे असेल तो खिडकीत येई. ज्याला नको असेल त्याच्या कामात खंड पडत नसे. बोहारणीशी घासाघीस करणे हा तर गृहिणींच्या दुपारच्या करमणुकीचाच भाग होता. दूरध्वनीवरील विक्रेत्याने ही मर्यादा ओलांडली. तो रस्त्यावर थांबत नाही, उंबरठ्यावरही थांबत नाही. स्नानगृहात, देवघरात, रुग्णाच्या उशाशी तो थेट पोहोचतो. कोण आले आहे हे कळण्यापूर्वीच दार उघडावे लागते, हा या दोहोंमधील खरा फरक आहे.

हे सारे वाढले ते अर्थकारणामुळे. १ मे २००३ पासून येणाऱ्या कॉलचे शुल्क मोबाईलधारकाला द्यावे लागेनासे झाले. ग्राहकाला तो दिलासाच होता. पण पाठोपाठ कॉलचे दर कोसळले आणि शंभर जणांना फोन करून एक गिऱ्हाईक मिळाले तरी परवडेल, असा हिशेब विक्रेत्यांना साधू लागला. उरलेल्या नव्याण्णव जणांच्या वेळेची किंमत त्या हिशेबात कोठेच धरलेली नव्हती. ती आजही धरली जात नाही.

या उपद्रवाविरुद्धची कायदेशीर लढाई प्रामुख्याने दिल्लीतच लढली गेली. हर्ष पाठक या वकिलांनी अनाहूत विक्री-कॉलविरुद्ध केलेली जनहित याचिका २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत, ज्यांना असे कॉल नको आहेत त्यांच्या क्रमांकांची नोंदवही बँकांनी ठेवावी, असे बजावले. २००६ मध्ये दिल्लीच्या राज्य ग्राहक आयोगाने एका महिला वकिलांच्या तक्रारीवरून एक दूरध्वनी कंपनी, मोबाईल कंपन्यांची संघटना आणि दोन बँका यांना एकूण ७५ लाख रुपयांचा दंड ठोठावला. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पुढे डिसेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय बाजूला सारला आणि कंपन्यांनी प्रथम राष्ट्रीय आयोगाकडे अपील करावयास हवे होते, असे स्पष्ट केले. न मागितलेल्या एका फोनचा प्रश्न सुटण्यास किती पायऱ्या चढाव्या लागतात, याचा हा नमुना म्हणावा लागेल.

दरम्यान २००७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, पहिले विनियम केले आणि ‘कॉल नको’ असे सांगणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदणी सुरू झाली. ती कितपत परिणामकारक ठरली, याचा पुरावा २०१० मध्ये भर बैठकीत मिळाला. तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी विरोधी पक्षनेत्यांशी चर्चा करीत असताना त्यांचा फोन वाजला आणि पलीकडून कर्ज घेण्याविषयी विचारणा झाली. देशाचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या गृहस्थास कर्ज देऊ करणाऱ्या त्या अनामिक प्रतिनिधीच्या धाडसास दाद द्यावी तितकी थोडी. त्या वर्षाअखेर ट्रायने अधिक कडक विनियम केले. ते २७ सप्टेंबर २०११ पासून अमलात आले. विक्रीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक आले, रात्री नऊ ते सकाळी नऊ या वेळेत असे कॉल निषिद्ध ठरले. त्याच सुमारास सामान्य ग्राहकांनी दिवसात किती लघुसंदेश पाठवावेत यावरही मर्यादा घालण्यात आली होती. उपद्रव देणारा मोकळा आणि नातेवाइकांना संदेश पाठविणारा अडचणीत, असा तो प्रकार झाला.

यानंतर २०१८ चे विनियम आले. ऑगस्ट २०२४ मध्ये, नोंदणी न करता विक्री-कॉल करणाऱ्यांच्या सर्व जोडण्या तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचे आदेश निघाले. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस केली आणि नोंदणीकृत नसलेल्या विक्रेत्याविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई व्हावी, असे ठरविले. कागदावरील नियमांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. उणीव आहे ती तक्रार करणाऱ्यांची. पन्नास घरांत एकाच क्रमांकावरून फोन येतो, पन्नास जण चरफडतात आणि तक्रार एकही नोंदवीत नाही. मयूर विहारच्या एखाद्या सोसायटीतील पाच शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात त्याच क्रमांकाविषयी १९०९ वर कळविले, तर तेवढ्याने कारवाईचा उंबरठा गाठला जाऊ शकतो. सोसायटीच्या सूचना फलकावर पाण्याच्या वेळापत्रकाशेजारी हा क्रमांक लावण्यास खर्च शून्य येतो. त्याच क्रमांकावर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर आपली नापसंती नोंदविता येते. आर्थिक सेवा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य अशा वर्गवारीनुसार जे नको तेवढेच बंद करण्याचीही सोय आहे.

पण मराठी घरांची एक स्वतंत्र अडचण आहे आणि ती कोणत्याही विनियमात बसत नाही. ती आहे ‘बघू’ या शब्दाची. समोरच्याचा अवमान होऊ नये म्हणून मराठी माणूस ‘नको’ म्हणण्याचे टाळतो; तो ‘बघू’ म्हणतो, ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो, ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणतो. सांगणारा आणि ऐकणारा दोघेही मराठी असले, तर या तिन्ही वाक्यांचा अर्थ ‘नको’ असाच होतो आणि उभयतांचा मान राहतो. दिल्लीत हेच सौजन्य हिंदीत ‘देखेंगे’ होऊन बाहेर पडते. विक्री करणाऱ्याच्या यादीत मात्र त्याची नोंद ‘इच्छुक, पुन्हा संपर्क साधावा’ अशी होते. पुढील महिन्यात फोन येतो, तो या नोंदीच्या आधारे. त्यामुळे ज्या आजोबांनी सर्वांत सौजन्याने उत्तर दिले, त्यांचाच फोन सर्वांत अधिक वाजतो. संतापून फोन आपटणाऱ्याला त्या मानाने शांतता लाभते. सौजन्यावर बसणारा हा दंड अन्याय्य आहे खरा. परंतु त्यावर उतारा उद्धटपणाचा नाही, स्पष्टपणाचा आहे. ‘नको. या क्रमांकावर पुन्हा फोन करू नका’, इतके बोलून फोन ठेवावा. कारण देऊ नये, कारण प्रत्येक कारणाचे उत्तर त्याच्यासमोरच्या कागदावर आधीच लिहिलेले असते. वय सत्तर आहे म्हटले, तर ज्येष्ठांसाठीची योजना निघते. पैसे नाहीत म्हटले, तर हप्त्यांची सोय निघते.

त्या आवाजामागील माणसाचाही विचार करावयास हवा. मयूर विहारचे एक टोक नोएडाला लागून आहे, आणि नोएडात कॉल सेंटरांची गर्दी आहे. तेथे काम करणारी कितीतरी मुले-मुली मयूर विहार फेज-३, न्यू अशोक नगर, खोडा अशा वस्त्यांत भाड्याच्या खोल्यांत राहतात. दुपारी ज्या आवाजाने झोपमोड केली, तोच संध्याकाळी मेट्रोत उठून आजोबांना जागा देत असेल. दिवसाला ठराविक कॉल, महिन्याला ठराविक विक्री, लक्ष्य न गाठल्यास प्रोत्साहनपर भत्ता नाही आणि कदाचित पुढल्या महिन्यात नोकरीही नाही, अशा चौकटीत ती मुले बोलत असतात. त्यांच्यावर ओरडून काहीही साध्य होत नाही. ज्या कार्यालयातून लक्ष्ये ठरविली जातात, तेथपर्यंत तो ओरडा पोहोचत नसतो.

मग क्रमांक त्यांच्या हाती पडतो कसा? गृहप्रदर्शनातील अभिप्राय-पत्र, बाजारातील सोडतीचे कुपन, औषध दुकानातील बिल, सोसायटीच्या फाटकावरील अभ्यागत-नोंदवही. या नोंदवहीचा उल्लेख विशेषकरून करावासा वाटतो. सुरक्षेच्या नावाखाली नाव, क्रमांक आणि घर तिन्ही एका ओळीत लिहून घेऊन ती वही दिवसभर उघडी ठेवलेली असते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे वारे फाटकापर्यंत पोहोचण्यास अवधी आहे.

आणि एक वाट बँकेच्या शाखेतूनही जाते. खाते उघडण्याच्या अर्जावर बारीक अक्षरांत संमतीचे एक कलम असते: बँकेच्या अन्य उत्पादनांविषयी संपर्क साधण्यास हरकत नाही, अशा अर्थाचे. ग्राहकाने स्वतःहून दिलेली स्पष्ट संमती ही ‘कॉल नको’ या नोंदणीवरही मात करते. म्हणजे एका हाताने नोंदवलेला नकार दुसऱ्या हाताने केलेली खूण पुसून टाकते. वास्तवात ती खूण बहुधा ग्राहकाने केलेलीच नसते. काउंटरवर गर्दी असते, अर्ज दहा पानी असतो, कर्मचारी सदिच्छेनेच म्हणतो, ‘येथे, येथे आणि येथे सही करा.’ ग्राहक विश्वासाने सही करतो, आणि पुढील कित्येक दुपारच्या वामकुक्षीचा सौदा नकळत होऊन जातो.

या व्यवहारात बँकेचे नुकसान ग्राहकापेक्षा कमी नाही. ज्याला रोज चार फोन विक्रीचे येतात, तो पाचवा उचलत नाही. आणि पाचवा फोन त्याच्या कार्डावर संशयास्पद व्यवहार दिसल्याचे सांगणारा असू शकतो. उलटपक्षी, बँकेचा म्हणून कोणताही आवाज ऐकण्याची ज्याला सवय लागली आहे, त्याला ‘आपले खाते बंद होत आहे’ असे सांगणारा भामटाही बँकेचाच वाटतो. विक्रीचा आवाज, सेवेचा आवाज आणि ठकाचा आवाज हे तिन्ही एकाच घंटेतून येऊ लागले, हा सर्वांत मोठा धोका होय. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०२५ रोजी दिलेल्या सूचनेचे महत्त्व येथे आहे. बँकांनी सेवा व व्यवहारांविषयीचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत आणि विक्रीचे १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून, असे तिने सांगितले. याचा उपयोग ग्राहकाला हा खुणेचा दगड माहीत असला तरच आहे. साध्या दहा अंकी मोबाईल क्रमांकावरून कोणी ‘बँकेतून बोलतो’ म्हणाला, तर ते सोंग समजावे आणि पासबुकावरील क्रमांकावर स्वतः फोन करून खातरजमा करावी. आणि कोणत्याही क्रमांकावरून आलेल्या फोनवर ओटीपी सांगू नये. खऱ्या बँकेला त्याची गरज पडत नाही. फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० वर कळवावे. पहिला तास निर्णायक असतो.

विक्रीस विरोध करणारा बँकर, हे चित्र कोणास विसंगत वाटेल. पण ठेवीदाराने बँकेला आपला क्रमांक दिला तो कशासाठी? पैसे काढले गेले तर कळावे, मुदत ठेव संपत आली तर आठवण व्हावी, निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्याची सूचना मिळावी, याकरिता. त्या कामासाठी दिलेली किल्ली दुसऱ्याच दारासाठी वापरणे विश्वस्ताला शोभत नाही. दूरध्वनीवरून कर्ज घेणारा ग्राहक मुळीच नसतो, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. काहींना ती माहिती उपयुक्त ठरते. त्यांनी ती मागावी, आणि त्यांनाच ती द्यावी. राष्ट्रीयीकृत बँकेची खरी जाहिरात काउंटरवर झालेल्या कामात असते. शाखेत प्रेमाने विचारपूस झालेला माणूस मुलाच्या गृहकर्जासाठी त्याच शाखेत येतो, हा अनुभव ज्येष्ठ कर्मचाऱ्यांना सांगावयास नको.

तोवर शाखांना आजपासून करता येण्याजोगे एक काम आहे. खात्याचा अर्ज भरून घेताना संमतीच्या त्या कलमापाशी थांबावे, ते ग्राहकाच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावे, आणि खूण ग्राहकालाच करू द्यावी, होकाराची किंवा नकाराची. यास अर्धा मिनिट लागतो. ज्यांनी यापूर्वी अजाणता होकार दिला आहे, त्यांना तो मागे घेण्याचा अर्ज मागताक्षणी मिळावा, आणि तो भरून देणाऱ्याला ‘कशाला?’ असे विचारले जाऊ नये.