‘जाम’ म्हणणाऱ्याला अशुद्ध ठरवू नका

हैदराबादच्या मराठी घरांत पेरूला सर्रास ‘जाम’ म्हणतात. त्यावर पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांचा आक्षेप ठरलेला : जाम म्हणजे ते पांढरं, पाणीदार फळ, पेरूला जाम म्हणणं ही तेलुगूची भेसळ, शुद्ध मराठी शब्द पेरूच, आणि तो पेरू देशावरून आला. यातलं एकही विधान तपासणीत टिकत नाही.

आधी देशाचं पाहू. फळ मूळचं अमेरिका खंडातलं आणि ते पोर्तुगीजांबरोबर इकडे आलं, इतकं खरं. पोर्तुगीज भाषेत टर्की पक्ष्याला ‘पेरू’ म्हणतात, तेही त्या देशावरूनच. पण फळाचं नावही तसंच पडलं असतं, तर कोकणीत ‘पेर’, सिंहलीत ‘पेर’ आणि बंगालीत ‘पेयारा’ का? शेवटचा ‘ऊ’ या तिन्ही भाषांनी गाळला म्हणायचा का? या सगळ्यांचं मूळ पोर्तुगीज ‘पेरा’, म्हणजे नासपती. गोव्याचे कोशकार दाल्गादो यांनी १९१३च्या आपल्या ग्रंथात हीच व्युत्पत्ती दिली आहे. लॅटिन ‘पिरुम’पासून स्पॅनिश-इटालियन ‘पेरा’, फ्रेंच ‘प्वार’, रोमानियन ‘पारा’ झाले. सर्वत्र अर्थ नासपतीच. पेरूसाठी पोर्तुगीजमध्ये ‘गोयाबा’, स्पॅनिशमध्ये ‘ग्वायाबा’, फ्रेंचमध्ये ‘गोयाव’ असे वेगळे शब्द आहेत, ते कॅरिबियन बेटांकडून आलेले. म्हणजे आपण पेरूला आकारावरून नासपतीचं नाव दिलं. उर्दूतल्या ‘अमरूद’चंही तेच, फारसीत अमरूद म्हणजे नासपती.

मग शुद्धतेचा दावा कशावर? ‘पेरू’ उसना आहे, आणि ‘जाम’ मराठीला परका नाही. विदर्भ-मराठवाड्यात पेरूला ‘जांब’ म्हणतातच, आणि मराठवाडा १९५६पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. जांब, जांभूळ, जंबू ही एकाच घराण्यातली नावं. तेलुगूतही हे फळ ‘जाम’च आहे, शेजारभाषेशी शब्द जुळला म्हणून तो बाटत नाही.

वनस्पतिशास्त्रही जामच्याच बाजूने साक्ष देतं. पेरू, जांभूळ आणि ते पांढरं जाम ही तिन्ही मिर्टेसी कुळातली. नासपती मात्र गुलाबाच्या कुळातली. नवं फळ ओळखीच्या फळाच्या नावाने हाक मारून घरात घेणं, ही सगळ्याच भाषांची रीत. त्या रीतीने दख्खनने या पाहुण्याला त्याच्या खऱ्या भाऊबंदांत बसवलं.

पेरू पुण्यात खुशाल नांदो. पण हैदराबादच्या मराठी मुलाने ‘जाम’ म्हटलं, तर त्याला सुधारू नका. तो चुकलेला नाही. तो आपल्या मुलखाची मराठी बोलतो आहे.