शुद्ध मुद्रणाचें खूळ

ध्वनिमुद्रणांत गायक व वाद्यवृंद यांखेरीज दुसरा कोणताही आवाज येणें हा दोष होय, असा सिद्धान्त पाश्चात्य संगीताच्या कित्येक शोकिनांनीं जणू वेदवाक्य म्हणून स्वीकारला आहे. प्रत्यक्ष सभेंत घेतलेल्या मुद्रणांत टाळी किंवा उद्गार ऐकूं आला, कीं ही मंडळी नाक मुरडतात. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या 'गॉस्पेल' संगीताला हा सिद्धान्त लावणें म्हणजे त्याचा अर्धा देह छाटणें होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

१९३० नंतरच्या दशकांत शिकागोच्या चर्चमध्यें थॉमस डॉर्सी यांनीं या संगीताला आजचें परिचित रूप दिलें. पण त्याचा पाया त्याहून जुना आहे. गायकानें हांक द्यावी आणि सभेनें ओ द्यावी, हा तो पाया. ओ जोरकस आली, कीं गायक तीच ओळ पुनः घेतो, लांबवितो, चढवितो. अर्थात् गाण्याची लांबी व चढण यांत सभेचाही वांटा असतो. टाळकऱ्यांनीं ध्रुपद उचललेंच नाहीं तर भजनाची काय गत होते, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

१९७२ च्या जानेवारींत ॲरेथा फ्रँकलिन यांनीं लॉस एंजेलिस येथील एका चर्चमध्यें दोन रात्री गाऊन मुद्रण केलें. त्यांतील 'अमेझिंग ग्रेस' हें एकच पद दहा मिनिटांहून अधिक चालतें. पदाचे शब्द थोडे. उरलेला सारा काळ गायिका, गायकवृंद आणि सभा यांच्या संवादानें भरला आहे. तो प्रतिसाद पुसून टाका, म्हणजे गायिका एकेका शब्दावर इतकी कां रेंगाळते, याचा उलगडाच होणार नाहीं.

यावर आक्षेप येईल, कीं चर्चमधील गाणें निराळें आणि सिंफनी निराळी. सिंफनी मौनानेंच ऐकावी. हें मौन आम्हांसही प्रिय आहे, आणि मंद सुरावटीवर कोणी खोकलें तर आम्हीही कष्टी होतों. परंतु या दोहोंत भिंत बांधणारांनीं इतिहास पाहावा. हॅरी बर्ले यांच्या तोंडून कृष्णवर्णीयांचीं भक्तिगीतें ऐकणाऱ्या द्व्होर्झाक यांनीं १८९३ सालीं अमेरिकेच्या भावी संगीताचा पाया याच गीतांत असल्याचें सांगितलें. फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय स्त्रीची पहिली सिंफनी शिकागोच्या वाद्यवृंदानें १९३३ सालीं वाजविली. तिचा तिसरा भाग 'जूबा' नृत्यावर रचलेला आहे. गुलामांना ढोल बाळगण्याची अनेक ठिकाणीं बंदी होती. म्हणून टाळ्या वाजवून, मांड्या-छाती थोपटून ते हा ताल धरीत. ज्या टाळीला आमचे शुद्धतावादी गोंगाट म्हणतात, तीच येथें सिंफनींत येऊन बसली आहे!

पुढें हीच लेखिका जवळजवळ विस्मृतींत गेली. तिच्या हस्तलिखितांचा मोठा सांठा २००९ सालीं इलिनॉयमधील एका पडक्या घरांत सांपडला, आणि फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदानें केलेल्या तिच्या सिंफनींच्या मुद्रणास २०२२ सालीं ग्रॅमी पारितोषिक मिळालें. संगीत कोणतें आणि गोंगाट कोणता, हा निवाडा मूठभर लोकांच्या हातीं राहिला म्हणजे काय हानि होते, याचा याहून बोलका पुरावा कोणता? मौन जेथें रचनेचें अंग आहे, तेथें तें पाळावें. पण प्रतिसाद जेथें रचनेचें अंग आहे, तेथें त्याला दोष म्हणणाऱ्या कानांनींच आपली परीक्षा करून घ्यावी.