हद्द कोणी ओलांडली?

कायद्याचे अक्षर सांभाळून त्याच्या आशयाला बगल देत मिळविलेला विजय हा विजयच नव्हे, असे प्रतिपादन करणारे सज्जन जेव्हा भारताचे क्रिकेटपटू विनू मंकड यांचा दाखला पुढे करतात, तेव्हा त्यांचे तत्त्व मान्य असूनही त्या दाखल्याविरुद्ध हरकत नोंदविणे मला भाग पडते.

प्रकरण डिसेंबर १९४७ मधील सिडनी कसोटीचे. मंकड गोलंदाजीसाठी धावत आले. चेंडू हातून सुटण्यापूर्वीच गोलंदाजाच्या टोकाकडील ऑस्ट्रेलियन फलंदाज बिल ब्राऊन क्रीज सोडून पुढे निघाला होता. मंकडांनी चेंडू न टाकता बेल उडविली आणि पंचांनी ब्राऊनला धावचीत दिले. आक्षेपक म्हणतात, आधी ताकीद द्यावयास हवी होती. ती दिली गेली होती! त्याच दौऱ्यात, त्याच मैदानावर, ऑस्ट्रेलियन एकादश संघाविरुद्ध मंकडांनी याच ब्राऊनला प्रथम बजावले होते, आणि तरीही तो पुढे सरला तेव्हा याच रीतीने बाद केले होते. बेसावध माणसावर घाला घातला, हा दुसरा आक्षेपही टिकत नाही. कारण जेथे धावेचा निकाल वीतभर अंतरावर लागतो, तेथे दोन पावले आधीच पुढे गेलेल्याला, त्याचा हेतू शुद्ध असला तरी, हक्क नसलेला लाभ मिळतोच. खुद्द प्रतिपक्षाचे कर्णधार ब्रॅडमन यांनी आत्मचरित्रात मंकडांचीच बाजू उचलून धरली आहे.

मग कायद्यात बसेल ते सारेच क्षम्य काय? मुळीच नाही. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी न्यूझीलंडला षटकार हवा असताना ऑस्ट्रेलियाचे कर्णधार ग्रेग चॅपेल यांच्या हुकुमावरून त्यांचे बंधू ट्रेव्हर यांनी चेंडू खालून, जमिनीवरून घरंगळत सोडला. तेव्हाच्या नियमांत त्यास मज्जाव नव्हता. न्यूझीलंडचा फलंदाज मॅकेचनीने तो अडविला आणि संतापाने बॅट भिरकावली. ब्राऊनपाशी उपाय होता, तो म्हणजे पाय क्रीजमध्ये ठेवण्याचा. मॅकेचनीपाशी कोणता होता? प्रतिस्पर्ध्याचा प्रत्युत्तराचा मार्गच जी युक्ती बुजविते, तीच निंद्य.

ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेटच्या नियमांतील, ब्राऊनसारख्या पुढे सरलेल्या फलंदाजाला बाद करण्याचे कलम ‘अनुचित खेळ’ या प्रकरणातून काढून ‘धावचीत’ या प्रकरणात घालण्यात आले. अशा बाद करण्याला चिकटलेला ‘मंकडिंग’ हा शब्द वाचकांनीही आता टाकून द्यावा. सिडनीच्या धावफलकावर तेव्हाही एवढीच नोंद झाली होती : ब्राऊन, धावचीत, १८.