पाच तारे आणि घाटाखालचा मे महिना

घरात वायफाय घ्यायचे ठरले की पुण्यात नोकरीला असलेला मुलगा मोबाइलवर तारे मोजतो, सर्वाधिक तारे असलेला राऊटर मागवतो आणि पार्सल सोनाळ्याला आईवडिलांच्या दारात येऊन पडते. दोनेक हजारांची खरेदी. आरोग्याच्या सदराने तीत लक्ष घालावे असे काय आहे? एप्रिल २०२० मध्ये ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली, तेव्हापासून डॉक्टरांचा सल्ला घरबसल्या व्हिडिओवर घेता येतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर तालुक्यातल्या अशा गावाला त्या सोयीचे मोल शहरापेक्षा जास्त. मधुमेही आईने पायाची जखम कॅमेऱ्यासमोर धरली आणि नेमके तेव्हाच चित्र गोठले, तर जखमेची कड लाल आहे की काळी पडू लागली आहे हे डॉक्टरांना दिसत नाही. ते 'दाखवायला या' एवढेच म्हणू शकतात. मग अकोल्याची एसटी, सोबतीला कोणीतरी, एका दिवसाची बुडालेली मजुरी. पुष्कळदा हे जाणे 'पुढच्या आठवड्यात पाहू' म्हणून लांबते, आणि मधुमेहातली जखम पुढच्या आठवड्याची वाट पाहत नाही.

राऊटरचा वेग वेगळा आणि भरवसा वेगळा. भरवसा म्हणजे तो न अडखळता किती दिवस चालतो. याचे उत्तर तिसऱ्या दिवशी लिहिलेल्या अभिप्रायात असूच शकत नाही. खोके सुबक होते, जोडणी पाच मिनिटांत झाली, डिलिव्हरी वेळेवर आली, म्हणून पाच तारे. असे अभिप्राय शेकड्याने सापडतात. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी रुग्ण हसत घरी गेला एवढ्यावरून कर्करोग बरा झाला असे कोणी म्हणत नाही.

वैद्यक आणि यंत्रे यांचे इथले नाते जुने आहे. रुग्ण किती काळ जगतात हे दाखवण्यासाठी जगभर वापरला जाणारा कॅप्लन-मायर आलेख १९५८ च्या एका शोधनिबंधातून आला. त्याच्या दोन लेखकांपैकी पॉल मायर कर्करोगाच्या रुग्णांच्या आयुर्मानाचा विचार करत होते. एडवर्ड कॅप्लन मात्र बेल प्रयोगशाळेत, समुद्राखालून जाणाऱ्या टेलिफोन केबलमधल्या निर्वात नळ्या किती टिकतात, हे शोधत होते. दोघांचा प्रश्न एकच निघाला: ज्याची पाहणी मध्येच थांबली, त्याचे काय करायचे? त्याला मेलेला धरायचे नाही आणि कायमचा जिवंतही धरायचे नाही. जितके दिवस तो नजरेखाली होता तितक्याच दिवसांची साक्ष घ्यायची. तिसऱ्या दिवशी पाच तारे देणाऱ्याची साक्ष तीन दिवसांची. असे हजार लोक एकत्र आले तरी चौथ्या दिवशी काय होते ते त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नसते. म्हणून अभिप्राय वाचताना ताऱ्यांकडे न पाहता 'आठ महिने झाले', 'दुसरा उन्हाळा आहे' असे शब्द शोधावेत. असे दहा अभिप्राय बाकीच्या हजारांपेक्षा जास्त सांगतात.

'एकानेही तक्रार केलेली नाही' हे वाक्यही तपासून घ्यावे. संख्याशास्त्रात 'तीनचा नियम' आहे. १९८३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातल्या एका लेखाने तो डॉक्टरांच्या ओळखीचा केला. एखादी घटना काही जणांत एकदाही घडली नाही, तर तिचे खरे प्रमाण तीन भागिले त्या जणांची संख्या, इथपर्यंत असू शकते. तीस जणांचे राऊटर वर्षभर बिनतक्रार चालले, तरी दहातला एक बिघडणारा असण्याची शक्यता उरतेच. तीनशे असतील तर ती मर्यादा शंभरात एकावर येते. सहा अभिप्रायांवर मिळालेले पाच तारे म्हणजे काय, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

दुसरा प्रश्न, हे लोक राहतात कुठे? औषधाची चाचणी ज्या रुग्णांवर झाली ते आपल्यासारखे होते का, हे डॉक्टर आधी पाहतात. बुलढाणा जिल्ह्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. घाटावर आणि घाटाखाली असे दोन हवामान एकाच जिल्ह्यात नांदतात. बुलढाणा शहरात पंखा पुरतो तेव्हा घाटाखाली कूलरपुढून उठवत नाही. घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात चालण्याचे तापमान बहुधा शून्य ते चाळीस अंश असे छापलेले असते. घाटाखाली मे महिन्यात सावलीतला पारा ४३-४४ वर जाणे नवलाचे नाही, आणि टिनाच्या छपराखालच्या खोलीत भिंतीच्या वरच्या टोकाला खिळ्यावर टांगलेला राऊटर त्याहून जास्त सोसतो. त्याच्या आत आणि अडॅप्टरमध्ये जे छोटे कपॅसिटर असतात, त्यांचे आयुष्य दर दहा अंशांना अंदाजे निम्मे होते. बंगळूरच्या फ्लॅटमधून लिहिलेले 'दोन वर्षे एकदम मस्त' हे खरेच असेल, पण ते बंगळूरचे खरे आहे.

विजेचेही तसेच. लाईन जाते, येते, पुन्हा जाते. डीपीवर भार आला की दाब पडतो आणि मग एकदम चढतो. या मारात राऊटरआधी अडॅप्टर दगावतो, आणि तो दगावताना पूर्ण बंद पडत नाही. दिवे लागतात, पण राऊटर मधूनच स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. घरचे म्हणतात, राऊटर खराब. एक तारा.

इथे निदान चुकते, आणि एक तारा देणाऱ्या अभिप्रायांचा मोठा भाग अशाच चुकीच्या निदानाचा असतो. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला लाल दिवा लागला असेल, तर प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही. तार कुठेतरी तुटली किंवा वाकली आहे, राऊटर निर्दोष आहे. दिवा ठीक असून लॅपटॉपला केबल लावल्यावर नेट नीट चालते आणि वायफायवरच अडते, तर जाड भिंती किंवा राऊटरची जागा तपासावी. औषधाने पुरळ आले का हे ठरवताना डॉक्टर औषध थांबवून पाहतात. पुरळ गेले तर संशय बळावतो. तसाच त्याच व्होल्टचा आणि तितक्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अडॅप्टर दोन दिवस लावून पाहावा. तक्रार गेली, तर नवा राऊटर घेण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक खोच. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या आतले भाग बदलतात. खालच्या लेबलवर 'व्हर्जन' म्हणून बारीक अक्षरात आकडा असतो, विक्रीच्या पानावर तो अनेकदा नसतो. बाटलीवर नाव तेच आणि आतले औषध वेगळे, असा प्रकार औषधविक्रेत्याने केला तर परवाना जाईल.

भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले. अभिप्राय कोणी दिला याची पडताळणी कशी करावी, पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय कसे टाळावेत, हे त्यात आहे. आले तेव्हा ते ऐच्छिक होते. ते बंधनकारक व्हावेच, पण खोटेपणा थांबला म्हणून घाई थांबत नाही. ग्राहकाने वस्तू किती दिवस वापरली हे प्रत्येक अभिप्रायाशेजारी छापणे विक्री संकेतस्थळांना अजिबात अवघड नाही, खरेदीची तारीख त्यांच्याकडेच असते. सहा महिन्यांनी त्याच ग्राहकाला पुन्हा एकदा विचारावे. औषधाचे परिणाम ते बाजारात आल्यानंतरही नोंदवत राहावे लागतात, मग राऊटरला सूट का?

तोवर गावातच विचारावे. फायबर जोडणारा मुलगा चांगला साक्षीदार आहे, मात्र त्याला 'कोणते परत येतात?' एवढेच विचारून भागत नाही. जो राऊटर त्याने सर्वांत जास्त घरी लावला, तोच सर्वांत जास्त परत येणार. 'लावले किती आणि परत आले किती?' असे विचारावे. खरेदी शक्यतो मार्चअखेर करावी, म्हणजे यंत्राचे पहिले महिने उन्हाळ्यात जातात. यंत्रे सुरुवातीलाच बंद पडण्याला अभियंतेही बालमृत्यूच म्हणतात. तो व्हायचा तर वॉरंटीत झालेला बरा. राऊटर छपराजवळ न टांगता खाली, हवेशीर पण कूलरच्या ओल्या झोतापासून दूर ठेवावा आणि त्याला छोटी बॅटरी जोडावी. रक्तदाबाची वही ठेवतात तशी शेजारी एक वही असू द्यावी: तारीख, वेळ, लाईन होती का, कोणता दिवा लाल होता. पंधरा दिवसांची अशी नोंद हाती असली की दुकानदाराला 'तुमच्याकडे नेटच खराब असेल' म्हणून टोलवता येत नाही, आणि टोलवलेच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर सांगायला तपशील तयार असतो.